त्रेसष्ट अंगठे

नांदेड, २१ फेब्रुवारी १९८३

जानेवारीत या वहीत सिंधुविषयी इतकं काही लिहिलं होतं की परत वाचून माझीच मला लाज वाटली आणि ती पानं बंबात घातली. पुन्हा लिहिणार नव्हतो. पण आज ती स्वतःच आली.

सटवाजी मास्तरांच्या टायपिंग क्लासात आठ मशिनी आहेत. त्यातली मराठी एकच, आणि तिच्यावर मी. खेड्यांतून शिकायला येणारी पोरं दुष्काळामुळे बंद झाली. दुपारी मास्तर खुर्चीत पेंगत होते, मी खामखा रिबीन पुढेमागे फिरवत बसलो होतो. दारात चप्पल वाजली. वर बघतो तर सिंधु! कॉलेजात दोन वर्षं आम्ही एका वर्गात होतो. ती बी.ए. होऊन बाहेर पडली. मी दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत, सुपरवायझरने कॉपीचा खोटा आळ घेतला म्हणून, पेपर फाडून त्याच्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडलो. दोघंही बाहेरच पडलो म्हणायचं.

"वाघमारे, एक अर्ज टाइप करून पाहिजे."

"नोकरीचा का?"

"नाही. पुण्याच्या सेमिनरीचा. बी.डी.साठी."

मी समजल्यासारखी मान हलवली. ती गेल्यावर मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "पाद्री करायचं कॉलेज असतं ते. चार वर्षं. तू बस आता रिबीन फिरवत."

चार वर्षं. तिचे वडील शेषेराव हे अहमदपूरकडच्या हिंगणवाडीच्या मंडळीचे (चर्चच्या सभासदांना मंडळी म्हणतात) पाळक, म्हणजे पाद्री, आहेत, हे माहीत होतं. पण पोरीने पाळक व्हायचं? मी देवबिव मानत नाही. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आई सकाळी वंदना म्हणते, तेवढंच. पण बी.ए. झालेल्या मुलीने बँकेत लागावं, शाळेत लागावं, लग्न

हे वाक्य राहू दे.

तिला लिहिलेलं सात पानांचं पत्र माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. टाइप केलेलं. वर कार्बन कॉपी. आज तिच्यापासून हातभर अंतरावर होतं.

२४ फेब्रुवारी

सेमिनरीचे नियम घेऊन आली होती. उमेदवाराची शिफारस पाळकाने करायची, पण पाळक सख्खा बाप असेल तर ती चालत नाही. मग मंडळीच्या किमान पन्नास प्रौढ सभासदांनी एका कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा. खाडाखोड चालणार नाही. सह्या उमेदवाराने किंवा नातेवाइकाने गोळा करायच्या नाहीत. त्यावर या भागातल्या मंडळ्यांच्या अध्यक्षसाहेबांची लातुरात सही, आणि एप्रिल संपायच्या आत सगळं पुण्याला.

"गावातलं कोणी बघा की," मी म्हटलं.

"गावात आहे कोण? गडीमाणसं हैदराबादला बांधकामावर, नाहीतर ऊसतोडीला. बाबा कावीळ होऊन अंथरुणावर. मागे राहिल्या त्या बायका. त्यांतल्या एकीलाही अक्षर येत नाही."

"मग मी कशाला? मी तुमच्यातला नाही."

"म्हणूनच. तुमच्यावर कोणाला वशिल्याचा संशय येणार नाही. तुम्ही सगळ्यांशी भांडता."

हो म्हणालो. खरं कारण इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? मला वाटलं, एका पोरीला पाळक करायला गावाकडच्या पन्नास बाया काही अंगठा देणार नाहीत. मी प्रामाणिकपणे हिंडायचं, वीस-पंचवीस घेऊन यायचं, वाईट वाटल्यासारखं करायचं. ती राहील.

शिफारसपत्र तिच्यासमोरच टाइप केलं. कॉलेजच्या भित्तिपत्रकाची ती संपादक होती. माझ्या लेखात चूक सापडली तर कधी खोडायची नाही, त्या शब्दाखाली पेन्सिलीचा बारीक ठिपका द्यायची आणि गप्प बसायची. चूक मी शोधायची. आजही तशीच पेन्सिल काढून वाचायला लागली. पहिल्याच ओळीपाशी बराच वेळ थांबली. टोक कागदाला टेकल्यासारखं वाटलं. मग पुढचं सगळं भरभर वाचून पेन्सिल पिशवीत टाकली. "बरोबर आहे," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता निघाली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लिहिण्यात तिला चूक सापडली नाही. सबंध संध्याकाळ हवेत होतो.

हिंगणवाडी, ५ मार्च

एस.टी.ने अहमदपूर, तिथून भाड्याच्या सायकलीवर इथे. मंडळीची सात गावं आहेत. देऊळ (चर्चला इथे देऊळच म्हणतात) म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच घंटा. नदीत पाणी नाही, आडात नाही. टँकर दिवसाआड येतो.

पाळकसाहेब पिवळे पडलेत, उठवत नाही. त्यांनी कोंडाबाईकडे पाठवलं. ही बाई मंडळीतल्या बायकांची म्होरकी. सत्तरीची असेल. दारात बसून तूर निवडत होती.

"कोन रं तू? कोनाचा?"

"व्यंकटी वाघमारे. नांदेडचा. जयभीमवाला." मी जरा छाती काढूनच सांगितलं.

"मंग घरचाच की. तुजा आजा अन् माजा बाप एकाच वेशीभाईर ऱ्हायले आसतील. तो हिकडं गेला, म्या तिकडं. बस खाली. ऊन डोक्यात गेलंया तुज्या."

कागद वाचून दाखवला. वाटलं, आता म्हणेल, पोरीच्या जातीला हे काय सुचलं. तिने तुरीचं सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "पुन्यांदा वाच." दुसऱ्यांदा वाचला. मी वाट बघतोय नकाराची. शेवटी अंगठा पुढे करून म्हणाली, "कुटं लावू?"

जांभळ्या शाईचा पॅड उघडला तर उन्हाने ठणठणीत वाळलेला. कोंडाबाईने आत जाऊन तांब्यातलं पाणी चमच्याने मोजून दोन थेंब पॅडवर टाकलं. अंगठा लावला. नुसता जांभळा ठिपका उमटला, आत एकही रेघ नाही. मी म्हटलं, मावशी, नीट दाबा. तिने पुन्हा शेजारी लावला. तसाच.

"हाय त्यो असाच हाय बाबा," ती म्हणाली.

तिथून सरजाबाईकडे. ही तर नव्वदीच्या आसपासची, बाजेवरून उठत नाही. सुनेला म्हणाली, पाणी आण. मला वाटलं प्यायला. तिने त्या अर्ध्या पेल्यात अंगठा बुडवून चोळचोळून धुतला.

मी म्हटलं, "अहो आजी, शाईच लावायची आहे! पाणी कशाला वाया घालवता?"

"देवाच्या कामाचा कागद हाय. मळका हात कसा लावू?" मग अंगठा देऊन झाल्यावर विचारते, "ह्यो पुन्याला जाईल का रं?"

"कोण?"

"माजा अंगठा. म्या तर लातूर बी पाह्यली न्हाई."

जाईल म्हटलं. बाहेर येऊन सायकलवर बसलो आणि थोडा वेळ पायडल मारायचं विसरलो.

७ मार्च

चार गावं झाली. बहुतेक बाया रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला असतात, म्हणून मीच तिकडे जातो. उन्हात दगडाच्या ढिगाआड एकेक जण बसलेली. मी नाव पुकारतो, ती हातोडी खाली ठेवते, पदराला हात पुसते आणि अंगठा देऊन पुन्हा दगडाकडे. चेष्टाही चालते. "ए सायकलवाल्या, माजी जमीन तर न्हाई ना लिहून घेत?" एक म्हणाली. दुसरी तिला, "तुजी जिमीन! डोक्याला लावायची माती तरी हाय का?" सगळ्या हसल्या. तोंडावर धुरळा, त्यातून दात दिसले फक्त.

मी एकीला मुद्दाम विचारलं, "मावशी, पोरीच्या जातीने पाळक व्हावं का?" तुमच्या मनात नसेल तर देऊ नका, असंही म्हणालो. (हे मी सिंधुला सांगणार नाही.)

तिने हातोडी उचलली. "ती पोर म्या न्हाऊ घातलीया. तिच्या आईला दूध नव्हतं तवा पाजलीया. आता ती बोलंल अन् आमी आयकू. तुला काय दुखून राह्यलं?"

जेवायला तिथेच बसवलं. भाकरी हातात घेतली तर तिच्यावर जांभळा अंगठा. दुसरीच्या भाकरीवरही. परवा अंगठे दिलेल्या बायांकडे शाई धुवायला पाणी कुठलं? तशाच हातांनी थापलेल्या. रस्त्यावर बघितलं तर लांबपर्यंत हातोड्यांवर जांभळे अंगठे. मी कुठल्या देवाला मानत नाही, पण ती भाकरी तोंडात घालवेना. आणि टाकवेनाही. खाल्ली.

९ मार्च, परतीच्या एस.टी.त

त्रेसष्ट! एकीनेही नाही म्हटलं नाही. माझा सगळा बेत बोंबलला आणि त्याचं वाईट वाटायचं सोडून मी दर पाच मिनिटांनी कागद काढून बघतोय. कोणाच्या अंगठ्यात भोवरे, कोणाच्यात नांगरटीसारखे तास, कोणाचा मधून चिरलेला. एकासारखा दुसरा नाही.

नंतर, त्याच दिवशी, घरी. हद्दीवर एस.टी. थांबली. रस्त्याकडेच्या पाटीवर जुनं नाव पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर ताजं 'लातूर जिल्हा' लिहिलेलं. गेल्या ऑगस्टात नवा जिल्हा झाला, पाट्या अजून रंगवून राहिलेत. मी सहज मांडीवरच्या कागदाकडे बघितलं. पहिलीच ओळ, माझ्या हाताने टाइप केलेली: 'मु. हिंगणवाडी, ता. अहमदपूर, जि. उस्मानाबाद.' सवयीने बोटं चालली असणार. सोबत जोडायचा सिंधुचा तहसीलचा रहिवासी दाखला 'जि. लातूर' असा आहे. खाडाखोड चालणार नाही. म्हणजे हा कागद बाद.

एवढी बारकाईने वाचणारी ती. तिलाही दिसलं नाही.

१२ मार्च

कोणाला बोललो नाही. चूक मुद्दाम केली नाही. मग ती मी होऊन का सांगायची? कागद लातूरला जाईल, तिथून परत येईल, तोवर एप्रिल संपेल. तिचं एक वर्ष तरी जाईल. एका वर्षात काय काय होऊ शकतं.

सिंधु क्लासात आली होती. किती झाले विचारलं. मी म्हटलं, थोडे बाकी आहेत. खोटं बोलताना कान गरम होतात माझे. तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं. "घाई नाही," म्हणाली. घाई नाही? दीड महिन्याची मुदत आणि घाई नाही!

२० मार्च

सात पानी पत्र काढून वाचलं. चौथ्या पानावर 'तुझ्यासाठी मी काहीही करीन' असं आहे. फाडलं. कार्बन कॉपी पण फाडली. मास्तर म्हणाले, "कागद महाग झालाय, पाठकोरा तरी ठेवायचा."

१ एप्रिल, शुक्रवार

आज त्यांचा गुड फ्रायडे, उपासाचा, दुःखाचा दिवस. सिंधु उपासनेला नांदेडच्या देवळात आली होती, तिथून क्लासात. पांढरी साडी. उभ्याउभ्याच म्हणाली, "सरजाआजी गेल्या. मंगळवारी. सुनेला सांगत होत्या म्हणे, माझा अंगठा पुण्याला पोचला का विचारा."

मशिनीवर हात होते माझे. एका वेळी चार-पाच खटके वर येऊन अडकले. तसेच राहिले.

मी सांगितलं. जिल्हा, पाटी, सगळं. ती ओरडेल, रडेल वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ मार्चला."

"आणि आज सांगता."

"आज सांगतो."

खिडकीबाहेर बघत उभी राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही सांगणार नाही." तिचे डोळे भरलेले. मला हे कळलं नाही. माझ्याविषयी इतकं वाईट मत होतं तर मला पाठवलंच कशाला? एरवी भांडलो असतो. आज भांडायला तोंड नव्हतं.

नवीन कागद टाइप केला. 'जि. लातूर' हा शब्द चार वेळा वाचला. तिने वाचलाच नाही. पेन्सिलही काढली नाही.

हिंगणवाडी, ३ एप्रिल, ईस्टर

सातही गावच्या बाया देवळाला आल्या होत्या, पहाटेपासून चालत. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी भिंतीला टेकून सांगितलं, वाघमारेंना काही बोलायचंय. कॉलेजच्या सभेत मी माईक हिसकावून बोलायचो. इथे माईक नव्हता.

चूक माझी आहे म्हटलं. कळूनही तीन आठवडे लपवली म्हटलं. का लपवली तेवढं सांगितलं नाही.

मग ती रस्त्यावरची दूधआई म्हणाली, "का लपीवली त्ये समद्यास्नी ठाव हाय. फुडं बोल."

पत्रा हादरेल एवढ्या हसल्या. मी मान वर केली नाही. सिंधु तिथे नव्हती, नियमाने असायची नव्हती, तेवढंच बरं.

कोंडाबाई उठून माझ्यापुढे आली. वाटलं, आता कानाखाली. "आमी दीस-दीस दगड फोडताव," ती म्हणाली. "एक डाव अजून अंगठा लावाया काय जड हाय? पॅड काड. वाळला आसंल मेला."

वाळलाच होता. या वेळी पाणी कोंडाबाईने मोजलं नाही.

बासष्ट झाले. सरजाबाईच्या सुनेने अंगठा दिला आणि रेंगाळली. "सासूबायचा जुन्या कागदावर हाय न्हवं? त्यो न्हाई का जायाचा?"

तीन आठवड्यांपूर्वी बोललो असतो तर तो या कागदावर असता.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणुकीत होतो. आई म्हणाली, "तुज्या अंगठ्याच्या नखात अजून कसली जांभळी शाई? मतदान होतं का?" मी म्हटलं, तसंच काहीसं.

लातूर, २० एप्रिल

सावकाश लिहितो. हे विसरायचं नाही.

कोंडाबाईने हट्ट धरला, मी येणार. म्हटलं, मावशी, ऊन आहे. "उनाची फिकीर तू करू नगंस." एस.टी.त खिडकीशी बसून आली. लातुरात जिकडेतिकडे नव्या जिल्ह्याच्या कचेऱ्या, ओल्या रंगाचा वास, गाडीभर खुर्च्या-टेबलं उतरवून राहिलेले हमाल. गल्लीत मात्र रिकाम्या घागरींची रांग.

अध्यक्ष आप्पासाहेब म्हणजे पांढरा सदरा, सोनेरी काड्यांचा चष्मा. कोंडाबाई व्हरांड्यात टेकली, मी आत. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले. दाखला जुळला. जिल्हा जुळला.

"सगळ्या बायकाच आहेत," ते म्हणाले.

"नियमात प्रौढ सभासद लिहिलंय. पुरुष लिहिलेलं नाही." हे वाक्य मी एस.टी.त पाठ केलं होतं.

"नियम मला माहीत आहेत. मुलगी हुशार आहे, तेही माहीत आहे. पण उद्या तिला कोणत्या मंडळीवर नेमायचं? लोक मला विचारतील." मग भिंग काढून त्यांनी एकेक अंगठा तपासला. पहिल्यावरच थांबले. "हा बघा. हा अंगठा नाही, डाग आहे. एक रेघ नाही. एक खोटा असेल तर बाकीच्यांवर मी भरवसा कसा ठेवू? कागद सेमिनरीला पाठवता येणार नाही."

मी उठलो तशी खुर्ची मागे पडली. काय बोलणार होतो देव जाणे, बरं काही नसतं. तेवढ्यात दारातून आवाज आला.

"आप्पा."

त्या कचेरीत त्यांना कोणी आप्पा म्हणत नसणार. त्यांनी चष्मा सारखा केला. "कोण? कोंडामावशी?"

ती आत आली. इकडेतिकडे बघितलंही नाही. टेबलावर, काचेवर, उजवा हात उताणा ठेवला.

"रेघा कुटं गेल्या म्हून इचारतूस? मिशनच्या बोर्डिंगात सत्तर पोरं व्हती तुमी. दोन येळच्या भाकरी. बावीस सालं थापल्या. तव्यावर गेल्या समद्या. तुज्या बी पोटात हायत थोड्या."

मी त्या हाताकडे बघत होतो. बोटांची टोकं चकचकीत, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखी. मी तिला म्हणालो होतो, मावशी, नीट दाबा.

आप्पासाहेबांनी भिंग उचललं, तिच्या अंगठ्यावर धरलं, आणि मग खाली ठेवलं. चष्मा काढला. सदऱ्याच्या टोकाने काचा पुसल्या. शेवटी म्हणाले, "जेवलीस का मावशी?"

"आदी सही कर."

त्यांनी केली. टाकाचं टोक शाईत दोनदा बुडवलं. शिक्का मारला. आणि मला म्हणाले, "तिला सांगा, चार वर्षं सोपी नसतात. त्यानंतरची तर नाहीतच. पण मंडळी मिळेल. मी बघतो."

एवढा मोठा माणूस मग व्हरांड्यात खाली फरशीवर बसला आणि कोंडाबाईने फडक्यातून सोडलेली भाकरी तिच्याबरोबर खाल्ली. मलाही अर्धी दिली. भांडून मिळवलेल्या गोष्टी मला माहीत आहेत. असं काही मी याआधी पाहिलेलं नाही.

नांदेड, २२ एप्रिल

पुण्याला रजिस्टर पोस्ट केलं. पावती सिंधुला दिली. "झालं," म्हणाली. आनंद झालेला चेहरा नव्हता. थकली असेल.

३० मे

तिला घेतलं. राहण्या-जेवणाची सोय सेमिनरीच करणार. मास्तरांनी पेढ्यांसाठी हात पुढे केला, तिने आणलेच होते. मी ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म आणलाय. तिला सांगितलं नाही.

लातूर, १८ जून, शनिवार

लहान गाडीने कुर्डुवाडी, तिथून पुण्याची मोठी गाडी. पाळकसाहेब काठी टेकत आले होते, कोंडाबाई आणि आठ-दहा बाया. डब्यात भाकऱ्यांची एवढी गाठोडी चढवली की गार्ड म्हणाला, "पंगत हाय का पुन्याला?"

सगळ्यांचं रडून-बिलगून झाल्यावर मी खिडकीशी गेलो. जुना कागद घडी करून आणला होता, उस्मानाबादवाला.

"हा सरजाआजींसाठी न्या," मी म्हटलं. "त्यांचा अंगठा पुण्याला जाईल, असं मी त्यांना सांगितलं होतं."

तिने कागद मांडीवर उलगडला. मला वाटलं, ती आजीचा अंगठा शोधेल. पण तिची नजर पहिल्या ओळीवरच थांबली. त्या दिवशी क्लासात थांबली होती, तशी. मग तिने अंगठा जिभेला लावला आणि 'उस्मानाबाद'च्या खाली ठिपक्याएवढं काहीतरी घासून पुसलं. हळू, कागद फाटू नये म्हणून जपून.

"काय होतं?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझंच होतं."

शिट्टी झाली. गाडी इतकी सावकाश सुटते की मी बराच वेळ खिडकीबरोबर चालत होतो. ती काहीतरी म्हणाली, ते इंजिनात ऐकू आलं नाही. एवढंच ऐकू आलं की सुरुवातीला 'वाघमारे' नव्हतं. 'व्यंकटी' होतं.

माझंच होतं म्हणजे काय, ते विचारायचं राहिलं. हात हलवला तेव्हा तिचा अंगठा काळसर दिसला, पेन्सिलीचं शिसं लागल्यासारखा. आणि मांडीवरच्या कागदावर, पहिल्या ओळीखाली, तसाच एक उमटलेला. मी मोजून ठेवले होते त्यात हा नव्हता.